इंग्लंडमधील बाथ: रोमन नेमके किती आणि कुठे?

कोरीवलेणी

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सॉमरसेट परगण्यात एव्हन नदीच्या वळणावर वसलेले बाथ हे शहर रोमन स्नानगृहांसाठी जगभर ओळखले जाते. तिथले एक छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते: हिरव्या पाण्याचे आयताकृती कुंड, भोवती खांबांच्या ओळी, वरच्या सज्जावर रोमन सम्राटांचे पुतळे आणि मागे ॲबीचा, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चचा, मनोरा. या छायाचित्रात डोळ्यांत भरणाऱ्या बहुतेक गोष्टी मात्र रोमन नाहीत. पुतळे १८९४ मधले आहेत, सज्जा आणि खांबांचा वरचा भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला आहे, आणि ॲबीच्या सध्याच्या इमारतीचे काम १४९९ नंतर सुरू झाले. पाण्याचा हिरवा रंगदेखील रोमन काळी नसावा, कारण तेव्हा कुंडावर छप्पर होते आणि शेवाळ वाढण्यासाठी लागणारा सूर्यप्रकाश पाण्यापर्यंत पोहोचत नव्हता. रोमन काळ पाहायचा असेल तर नजर खाली न्यावी लागते, म्हणजे खांबांच्या बैठकांकडे, कुंडाच्या पायऱ्यांकडे, तळाशी अंथरलेल्या शिशाच्या पत्र्यांकडे आणि या सर्वांना पाणी पुरवणाऱ्या झऱ्याकडे. बाथवरचे बहुतेक लेखन अठराव्या शतकातील देखण्या इमारतींत रमते, म्हणून या धाग्यात रोमन थरावरच चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात झऱ्यापासूनच करायला हवी, कारण इथे आधी झरा, मग मंदिर आणि मंदिरापाठोपाठ स्नानगृहे असा क्रम आहे. पवित्र झरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुख्य झऱ्यातून दररोज सुमारे ११ लाख ७० हजार लीटर पाणी ४६ अंश सेल्सियस तापमानाला वर येते. रोमन सैन्य इसवी सन ४३ मध्ये ब्रिटनमध्ये उतरले, त्याच्या आधीपासून स्थानिक केल्टिक लोक इथे सुलिस या देवतेला मानत होते. झऱ्यात रोमनपूर्व काळातील नाणीही सापडली आहेत, म्हणजे पाण्यात दान टाकण्याची प्रथा रोमनांनी आणलेली नाही. रोमनांनी सुलिसला हटवले नाही. त्यांनी तिची सांगड आपल्या मिनर्व्हा देवीशी घातली आणि सुलिस मिनर्व्हा या जोडनावाने तिचे मंदिर बांधले. नगराच्या ‘आक्वे सुलिस’, म्हणजे सुलिसचे जल, या नावातही स्थानिक देवताच राहिली. इसवी सन ६०-६१ मध्ये बूडिका राणीच्या नेतृत्वाखाली रोमनांविरुद्ध मोठा उठाव झाला होता आणि तो अतिशय क्रूरपणे मोडून काढण्यात आला. मंदिराचे बांधकाम त्यानंतरच्या काही वर्षांतले मानले जाते. त्या पार्श्वभूमीवर स्थानिक देवीला असा मान देणे हा श्रद्धेइतकाच राजकीय शहाणपणाचा भाग होता, असे मला वाटते.

झरा दलदलीत होता आणि उकळल्यासारखे वर येणारे पाणी सोबत वाळू आणत होते. अशा जागी बांधकाम कसे करायचे, हा रोमन अभियंत्यांपुढचा खरा प्रश्न होता. त्यांनी झऱ्याभोवतीच्या चिखलात ओक लाकडाचे खुंट ठोकून जमीन घट्ट केली, मग दगडी भिंतींचा अनियमित आकाराचा हौद बांधला आणि पाणी झिरपू नये म्हणून त्याला आतून शिशाचे अस्तर लावले. पाणी हौदात साठून शांत होई, वाळू तळाशी बसे आणि वरचे स्वच्छ पाणी स्नानगृहांकडे वळवले जाई. साचलेली वाळू अधूनमधून धुऊन काढण्यासाठी खाली झडपेची सोय होती आणि वापरलेले व जादा पाणी मोठ्या भुयारी गटारातून एव्हन नदीकडे जात असे. त्या गटाराचा काही भाग आजही काम करतो. संपूर्ण परिसरात मला सर्वाधिक आदर याच कामाबद्दल वाटतो. शिसे जवळच्या मेंडिप टेकड्यांतील खाणींतून मिळत होते, आणि रोमन विजयानंतर थोड्याच वर्षांत त्या खाणी चालू झाल्या होत्या.

मोठे कुंड सुमारे १.६ मीटर खोल असून त्याच्या चारही बाजूंनी पायऱ्या उतरतात. तळाला शिशाचे ४५ जाड पत्रे आहेत आणि ते अजून पाणी धरून आहेत. सुरुवातीला कुंडावर लाकडी छप्पर होते. दुसऱ्या शतकात ते काढून त्या जागी कमानदार छत घालण्यात आले आणि वजन कमी राहावे म्हणून त्यासाठी पोकळ पेटीसारख्या विटा वापरल्या. वाढीव भार पेलण्यासाठी खांब जाड करावे लागले, आणि बैठकांकडे नीट पाहिल्यास मूळचा बारीक खांब व त्याला नंतर जोडलेला भाग हे वेगवेगळे ओळखू येतात. कोसळलेल्या छताचा एक तुकडा कुंडाच्या काठावर ठेवलेला आहे. मार्गदर्शक आवाजाच्या यंत्राकडे लक्ष असलेले बरेच जण त्याच्यासमोरून तसेच पुढे जातात, पण त्या तुकड्यात विटांची रचना जितकी स्पष्ट दिसते तितकी ती कोणत्याही आराखड्यात दिसत नाही.

मोठ्या कुंडाच्या पूर्वेला व पश्चिमेला गरम खोल्यांचे समूह होते. झऱ्याचे पाणी कोमट-गरम स्नानाला पुरेसे असले तरी घाम काढणाऱ्या खोल्यांना ते पुरे पडत नाही. म्हणून तिथे भट्टी पेटवून तिची गरम हवा फरशीखाली, विटांच्या बुटक्या खांबांच्या रांगांमधून खेळवली जाई. पश्चिमेकडे थंड पाण्याचे एक गोल कुंडही आहे. तिसऱ्या शतकातील लेखक सोलिनस याने ब्रिटनमधील उष्ण झऱ्यांचा आणि तिथल्या मिनर्व्हाच्या मंदिराचा उल्लेख केला आहे. तिथल्या अखंड अग्नीची राख होत नाही, तर दगडासारखे गोळे होतात, असे तो सांगतो. सॉमरसेटमध्ये दगडी कोळसा सापडतो, हे लक्षात घेतले की त्या वाक्याचा उलगडा होतो.

मंदिर मात्र आज उभे नाही. त्याचे अवशेष अठराव्या शतकातील पंप रूम या इमारतीच्या खाली आहेत. रोमन ब्रिटनमध्ये पूर्णपणे अभिजात रोमन धाटणीची जी दोनच मंदिरे निश्चितपणे माहीत आहेत, त्यांतले हे एक आहे आणि दुसरे कोल्चेस्टर येथील क्लॉडियसचे. दर्शनी बाजूला कोरिंथियन शैलीचे चार उंच खांब होते आणि त्यांच्यावरील त्रिकोणी शिल्पपटाच्या मध्यभागी तो प्रसिद्ध मिशाळ चेहरा कोरलेला होता. १७९० मध्ये पंप रूमचा पाया खणताना त्या पटाचे दगड सापडले. त्याआधी, १७२७ मध्ये, स्टॉल स्ट्रीटवर गटारासाठी चर खणणाऱ्या मजुरांना सोन्याचा मुलामा दिलेले मिनर्व्हाचे कांस्य मस्तक मिळाले होते. ते बहुधा गाभाऱ्यातील मूर्तीचे असावे. त्यावर मुलाम्याचे सहा थर आहेत, म्हणजे ती मूर्ती पुन्हा पुन्हा उजळवली जात होती.

रोमन सत्ता पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधून गेली. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती सम्राटांनी जुन्या मंदिरांवर बंदी आणली होती, आणि देखभाल थांबल्यावर झऱ्याने आपली जागा परत घेतली. गटारे तुंबली, चिखल चढत गेला, छत कोसळले आणि सर्व परिसर दलदलीखाली गेला. जे काही आज शाबूत आहे ते त्या गाळामुळेच शाबूत राहिले आहे.

भूस्तर

लेख आवडला. झऱ्याच्या भूशास्त्राबद्दल थोडी भर घालतो, कारण अनेकांचा असा समज असतो की गरम पाणी म्हणजे जवळपास ज्वालामुखी असणार. बाथच्या परिसरात असा कोणताही सक्रिय ज्वालामुखी नाही. सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या स्पष्टीकरणानुसार मेंडिप टेकड्यांवर पडलेले पावसाचे पाणी चुनखडीच्या थरांतून सुमारे २,७०० ते ४,३०० मीटर खोलीपर्यंत झिरपते. तिथल्या भूगर्भीय उष्णतेने ते ६४ ते ९६ अंशांपर्यंत तापते आणि दाबाखाली भेगांमधून वर येते. वर येताना काही उष्णता गमावल्यामुळे पृष्ठभागावर ते ४६ अंशांचे राहते. मोठ्या कुंडाच्या आणि पन्हळींच्या कडेला जो नारिंगी थर चढलेला दिसतो, तो पाण्यातील लोहाच्या क्षारांमुळे आहे.

आपल्याकडे कोकणात राजापूरजवळचे उन्हाळे, तुरळ, अरवली आणि उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरी येथील गरम कुंडांचेही कारण खोलवर जाऊन भेगांमधून परतणारे पाणी हेच मानले जाते. खडक मात्र पूर्ण वेगळा आहे: तिथे चुनखडी, इथे बहुतांश ठिकाणी वर बेसाल्ट.

बाथमध्ये एकूण तीन उष्ण झरे आहेत, हेही सांगायला हवे. मुख्य झऱ्याखेरीज हेटलिंग झरा आणि क्रॉस बाथ झरा हे दोन आहेत व तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. १८१० मध्ये हेटलिंग झऱ्याचे पाणी आटल्यासारखे झाले, तेव्हा विल्यम स्मिथ यांना पाचारण करण्यात आले. इंग्लंडचा पहिला भूस्तरीय नकाशा सिद्ध करणारे तेच हे स्मिथ. त्यांनी झरा तळापर्यंत मोकळा केला आणि पाणी आटलेले नसून त्याने दुसरी वाट धरली असल्याचे दाखवून ते मूळ मार्गावर आणले. लेखात म्हटल्याप्रमाणे इथे सर्वांआधी झरा येतो, आणि तो गृहीत धरता येत नाही हे त्या प्रसंगातून शहराला उमगले.

नीलमोहोर

झऱ्यात सापडलेल्या शापपट्ट्यांचा, म्हणजे देवीकडे शाप मागणाऱ्या कोरीव पत्र्यांचा, लेखात उल्लेख कसा नाही, याचे आश्चर्य वाटले. माझ्या मते बाथच्या संग्रहालयातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोरीवलेणी

शापपट्ट्यांसाठी स्वतंत्र जागा हवी म्हणून त्या मूळ लेखात घेतल्या नव्हत्या. १९७९ मध्ये झऱ्यावरील मध्ययुगीन किंग्ज बाथ या कुंडाची फरशी काढण्यात आली आणि पुरातत्त्वज्ञ बॅरी कन्लिफ यांच्या नेतृत्वाखाली खाली उत्खनन झाले. शिशाच्या किंवा शिसे-कथिलाच्या मिश्रधातूच्या पातळ पत्र्यांवर टोचणीने कोरलेले सुमारे १३० मजकूर तिथून मिळाले आहेत. ते दुसऱ्या ते चौथ्या शतकातील असून रॉजर टॉमलिन यांनी त्यांचे वाचन १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. पत्रा लिहून झाला की त्याची गुंडाळी किंवा घडी करून तो झऱ्यात सोडला जाई. म्हणजे हा मजकूर माणसांनी वाचण्यासाठी नव्हता, तो थेट देवीला उद्देशून होता.

बहुतेक मजकूर चोरीबद्दल आहेत. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले आहेत आणि चोराची बुद्धी व डोळे देवीच्या मंदिरात नष्ट व्हावेत अशी तो मागणी करतो. आणखी एकाचे कांस्य भांडे चोरीला गेले आहे. चोर स्त्री असो वा पुरुष, दास असो वा स्वतंत्र, मुलगा असो वा मुलगी, त्याने त्याच भांड्यात स्वतःचे रक्त सांडावे असे तो लिहितो. बाकीच्यांच्या तक्रारी अंगरखे, स्नानाच्या वेळी घालायचे कपडे, नाणी अशा वस्तूंच्या आहेत. स्नानाला आलेल्यांचे कपडे आणि पैसे काठावर राहत असल्याने अशा चोऱ्या होणे स्वाभाविक होते, आणि तक्रार करणारे लोक श्रीमंत नव्हते हे वस्तूंच्या यादीवरूनच कळते. धनवान माणूस स्नानाला येताना वस्तूंवर नजर ठेवायला दास सोबत आणत असे.

अॅनिआनस याची पट्टी मला विशेष महत्त्वाची वाटते. त्याच्या थैलीतून सहा चांदीची नाणी गेली आहेत. चोराचे वर्णन करताना त्याने नेहमीच्या जोड्यांच्या आधी ‘मूर्तिपूजक असो वा ख्रिस्ती’ अशी नवी जोडी घातली आहे. ख्रिस्ती माणसे शहरात राहतात, ती चोरी करू शकतात आणि सुलिसचा शाप त्यांनाही लागू होतो, असे लिहिणाऱ्याने धरून चालले आहे. रोमन ब्रिटनमधील धर्मांतराचा काळ सामान्य माणसाच्या नजरेतून दाखवणारी इतकी नेमकी नोंद दुसरीकडे क्वचितच असेल. त्याच पट्टीवर संशयितांच्या नावांची यादीही आहे.

सर्वच पट्ट्या चोरीच्या नाहीत. एका पट्टीवर उरिकालस, त्याची पत्नी डोसिलोसा आणि त्यांचे कुटुंबीय यांनी १२ एप्रिलला सुलिसच्या झऱ्यापाशी शपथ घेतल्याची नोंद आहे. जो खोटी शपथ घेईल त्याने देवीला आपल्या रक्ताने किंमत मोजावी, असा तिचा आशय आहे. वर्ष दिलेले नाही, पण घरातील माणसे ठरवून देवीच्या दारी आली आणि शपथ घेऊन गेली, इतके कळते. एखादा वाद मिटवण्यासाठी देवीला साक्षी ठेवले असावे, असे मला यावरून वाटते. या पट्ट्यांची लॅटिन ही बोलीच्या वळणाची आहे, आणि त्यांतील नावांत रोमन व केल्टिक नावे शेजारी शेजारी येतात. २०१४ मध्ये या संग्रहाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक स्मृती उपक्रमाच्या ब्रिटनमधील नोंदवहीत झाला.

जुनीनाणी

पट्ट्यांबरोबर झऱ्यातून १२ हजारांहून अधिक रोमन नाणी मिळाली आहेत, आणि सुलिसला दिलेल्या दानांचा तो मोठा पुरावा आहे. शिवाय १८७८ मध्ये मुख्य गटारातून कोरीव रत्नांचे तीसहून अधिक खडे मिळाले. गरम पाण्याने अंगठीतील डिंक मऊ होऊन खडे निखळले असावेत, असे एक मत आहे, तर ते देवीला अर्पण केलेले असावेत असे दुसरे. मला पहिले मत पटते, कारण अर्पण करायचे असते तर खडे झऱ्यात मिळायला हवे होते. सगळेच्या सगळे गटारात सापडण्याचे कारण राहत नाही.

नाण्यांचा आणखी एक साठा झऱ्याशी थेट संबंधित नसला तरी इथे नोंदवण्याजोगा आहे. २००७ मध्ये बो स्ट्रीटवर, स्नानगृहांपासून थोड्याच अंतरावर, १७,५७७ नाण्यांचा ठेवा मिळाला. नाणी इसवी सन पूर्व ३२ ते इसवी सन २७४ या काळातील आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये तो मातीचा गोळा सुटा करताना असे दिसले की नाणी आठ वेगवेगळ्या थैल्यांमध्ये भरून ठेवलेली होती. थैल्यांचे कातडे जवळजवळ नाहीसे झाले होते, पण नाणी थैलीच्या आकारातच चिकटून राहिली होती, आणि त्यांची विभागणी चांदीच्या प्रमाणानुसार केलेली होती. तिसऱ्या शतकात रोमन नाण्यांतील चांदी इतकी घसरली होती की जुनी चांगली नाणी लोक वेगळी काढून ठेवत. तो हिशेब बाथमधील कुणीतरी फार काळजीपूर्वक केला होता, हे या थैल्यांवरून समजते.

चुनखडी

मूळ लेखातील मुख्य मुद्दा मान्य करूनही एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकातील बांधकाम म्हणजे रोमन अवशेषांवर चढलेला एक अडथळा आहे, असा सूर लेखातून लागतो. चार्ल्स डेव्हिस हे शहराचे वास्तुविशारद व सर्वेक्षक होते. १८७८ च्या सुमारास गरम पाणी कुठे गळते आहे याचा शोध घेताना त्यांना रोमन हौदाचा आणि पुढे मोठ्या कुंडाचा माग लागला. वर उभी असलेली घरे विकत घेऊन पाडण्यात आली, कित्येक मीटरचा गाळ उपसला गेला आणि १८९७ मध्ये हा परिसर लोकांसाठी खुला झाला. डेव्हिस यांच्या पद्धतीवर त्या काळीही टीका झाली आणि नोंदी ठेवण्याच्या बाबतीत ती रास्तच होती. तरीही त्यांनी हा खटाटोप केला नसता तर मोठे कुंड आजही घरांच्या तळघराखाली पडून राहिले असते.

याहून आधीचा एक प्रसंगही आठवावा. १७५५ मध्ये ॲबीजवळची एक जुनी इमारत पाडताना रोमन पूर्व स्नानगृहांचा भाग उघडा झाला होता, आणि त्याच्या वर सॅक्सन काळातील, म्हणजे रोमनांनंतरच्या काळातील, दफने होती. रोमन थर पाहण्यासाठी सॅक्सन थर काढावाच लागला. कोणता थर ठेवायचा आणि कोणता काढायचा हा प्रश्न बाथला तेव्हापासून आहे. सॅक्सन काळही नगण्य नव्हता, कारण ९७३ मध्ये एडगर राजाचा राज्याभिषेक याच शहरात झाला होता.

कोरीवलेणी

चुनखडी, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि डेव्हिस यांचे ऋण मान्य करायलाच हवे. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. पाहायला येणाऱ्या माणसाला सज्जावरचे पुतळे आणि खालचे अवशेष यांतला फरक तिथल्या तिथे, ठळकपणे कळायला हवा. सज्जा इतक्या कौशल्याने रोमन वळणाचा बांधला आहे की तोच अस्सल वाटतो आणि त्याच्या पायाशी असलेली खरी रोमन बैठक, झिजलेली व बुटकी असल्याने, नजरेतून सुटते.

पंप रूमखालच्या भागाची मांडणी या दृष्टीने मला अधिक समाधानकारक वाटते. १९८१ ते १९८३ या काळात तिथे मंदिराच्या प्रांगणाचे उत्खनन झाले. आज आपण त्या फरसबंदीच्या पातळीवर, अठराव्या शतकातील इमारतीच्या पायांमधून चालतो. बळी देण्याच्या मोठ्या वेदीचे कोपऱ्याचे कोरीव दगड, मंदिराच्या पायऱ्या आणि ल्युसियस मार्सियस मेमोर याने देवीला अर्पण केलेल्या पुतळ्याची बैठक हे सर्व एकत्र पाहायला मिळते. मेमोर हा बळीच्या पशूच्या आतड्यांवरून शकुन सांगणारा पुरोहित होता. बैठकीचा दगड १९६५ मध्ये सापडला. त्यावर त्याच्या पदासाठी आधी ‘हार’ एवढीच संक्षिप्त अक्षरे मध्यभागी कोरली होती आणि पुढची ‘उस्प’ ही अक्षरे मागाहून जोडली, त्यामुळे ओळीचा तोल बिघडला आहे. केवळ ‘हार’ वाचून इथल्या लोकांना पद कळत नसावे, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. असे पुरोहित ब्रिटनमध्ये दुर्मीळ होते, हे पाहता तो तर्क पटतो.

नीलमोहोर

पट्ट्यांबद्दल इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मोठ्या कुंडात आज उतरू देत नाहीत, यामागे केवळ अवशेषांचे रक्षण हेच कारण आहे का?

भूस्तर

रक्षण हे एक कारण आहे, पण बंदी आली ती आरोग्याच्या कारणाने. १९७८ मध्ये इथल्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा मेंदूज्वराने मृत्यू झाला. पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा आढळला. हा जीव कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. त्यानंतर सार्वजनिक स्नान थांबवण्यात आले. पुढे स्वच्छ पाणी खालच्या थरातूनच घेता यावे म्हणून नव्या कूपनलिका खोदल्या गेल्या, आणि २००६ मध्ये थर्मे बाथ स्पा हे नवे स्नानगृह सुरू झाले. तिथे त्याच झऱ्यांच्या पाण्यात आज स्नान करता येते. रोमन कुंडातील पाणी मात्र प्रक्रिया न केलेले आहे, त्यामुळे त्यात हात घालू नये अशा सूचना लावलेल्या असतात.

जुनीनाणी

शिल्पपटावरील मिशाळ चेहऱ्याविषयी कुणी लिहील अशी वाट पाहत होतो. त्याला सर्रास गॉर्गन, म्हणजे ग्रीक कथांतील सापांचे केस असलेली राक्षसी, म्हटले जाते, कारण मिनर्व्हाच्या ढालीवर गॉर्गनचे मस्तक असते आणि या चेहऱ्याच्या केसांत साप गुंफलेले आहेत. परंतु गॉर्गन मेड्युसा ही स्त्री आहे आणि हा चेहरा उघडच पुरुषाचा आहे. आपले मत काय आहे?

कोरीवलेणी

यावर अभ्यासकांत एकमत नाही. काहींना त्यात समुद्रदेव ओशनस दिसतो, काहींना स्थानिक जलदेवता, तर काहींना सूर्याचे रूप, कारण केस व दाढी किरणांसारखी चहूबाजूंनी पसरली आहे. कोपऱ्यांत शंख फुंकणारे समुद्री जीव आहेत आणि चेहरा ज्या ढालीवर आहे ती दोन पंखधारी विजयदेवतांनी उचलून धरली आहे. ढालीच्या खालच्या बाजूला शिरस्त्राणे आहेत आणि घुबड आहे, म्हणजे मिनर्व्हाची खूण पटावर आहेच. माझे मत असे आहे की शिल्पकाराने ढालीवरचे गॉर्गन हा रोमन संकेत घेतला आणि त्यात स्थानिक लोकांना ओळखीचा वाटेल असा मिशाळ, रोखून पाहणारा चेहरा बसवला. देवीच्या जोडनावात जे केले तेच इथे दगडात केले आहे, आणि म्हणून एकाच नावाचा आग्रह धरण्याची गरज मला वाटत नाही.

शिल्पकार कोण होता हे माहीत नाही, पण कारागीर दूरवरून येत होते याचा पुरावा आहे. टाउटसचा मुलगा प्रिस्कस याने सुलिसला एक दगड अर्पण केला आहे. तो पाथरवट होता आणि गॉलमधील कार्नुटेस लोकांपैकी, म्हणजे आजच्या फ्रान्समधील शार्त्रच्या परिसरातला होता. जर्मनीतील ट्रियरच्या भागातून आलेल्या पेरेग्रिनस याने मात्र आपली वेदी ल्युसेटियस मार्स आणि नेमेटोना या स्वतःकडच्या देवतांना वाहिली आहे. विसाव्या लीजनमधील, म्हणजे रोमन सैन्यदलातील, शस्त्रकार युलियस विटालिस हा मूळचा बेल्जिक, नऊ वर्षे सेवा करून एकोणतिसाव्या वर्षी इथे वारला आणि त्याच्या अंत्यविधीचा खर्च शस्त्रकारांच्या संघाने केला, असे त्याच्या थडग्याचा दगड सांगतो. सुलिसचा पुजारी गायस कॅल्पुर्नियस रिसेप्टस हा पंचाहत्तर वर्षे जगला. त्याचा दगड उभारणारी पत्नी ट्रिफोसा ही आधी दासी होती व नंतर मुक्त झाली होती. कुणाला या लेखांचे मूळ लॅटिन पाठ आणि त्यांचा मराठी अर्थ एकत्र हवा असेल तर सांगावे, मी पुढच्या प्रतिसादात एकेक दगड घेऊन लिहीन.